67वी आधी, 66वी नंतर

आमच्या जिल्ह्यात मोजणी उलटी चालते. 2 फेब्रुवारी 2025ला नगरच्या वाडिया पार्कवर 67वी महाराष्ट्र केसरी पार पडली आणि मार्च सरता सरता कर्जतला 66वी. शाळेत कुणी असे आकडे म्हटले असते तर मास्तरांनी बाकावर उभं केलं असतं. पण कुस्तीत संघटना दोन आहेत, एक संघ आणि एक परिषद, त्यामुळे पाढेही दोन. दोघी म्हणतात, खरी मीच. आपण पडलो प्रेक्षक. आपल्याला हलगी वाजली की झालं, कुणाच्या मंडपात वाजली हे बघायला आपण काय धर्मादाय आयुक्त आहोत?

नगरात पृथ्वीराज मोहोळ केसरी झाला, कर्जतला वेताळ शेळके. दोन महिन्यांत दोन केसरी देणारा दुसरा जिल्हा निदान माझ्या तरी ऐकिवात नाही. गंमत अशी की या दोघांत नगरी एकही नाही, एक पुण्याचा, दुसरा सोलापूरचा. आणि 2020 साली आपल्या अकोल्याच्या कोंभाळण्याचा हर्षवर्धन सदगीर केसरी झाला, तेव्हा तो नाशिककडून लढला होता. म्हणजे पैलवान आपला असला की गदा शेजारच्यांची, आणि गदा आपल्या दारात आली की पैलवान पाहुणा. आपला हक्काचा म्हणावा असा फक्त मंडप.

मंडपाबद्दल मात्र कुणी बोट दाखवू नये. जत्रेतल्या हगाम्याला पूर्वी पंच, हलगीवाला आणि डोक्याला फेटा गुंडाळलेले चार म्हातारे एवढं असलं तरी भागायचं. रेवड्यांवर पोरं झुंजायची, मग हळूहळू इनामाची रक्कम वाढत जायची आणि शेवटच्या कुस्तीला अख्खं गाव पायाच्या चवड्यांवर उभं राहायचं. आता आखाडा एक आणि व्यासपीठ त्याच्या दीडपट. खाली दोन गडी मानेला मान लावून दम खात असतात आणि माइकवर ‘आत्ताच आपल्यामध्ये आगमन झालेलं आहे’ सुरू असतं. आगमन बघायला माना वळतात, तेवढ्यात खाली एकजण धोबीपछाड मारून मोकळा होतो. टाळ्या पडतात, पण त्या कुणासाठी हे त्या पैलवानालाही कळत नाही. आमचे दाजी म्हणतात, ‘‘पैलवानांचं वजन घेतात तसं व्यासपीठाचं पण घ्या की राव. बघू कोणत्या गटात बसतं ते.’’

वजनावरून आठवलं. यजमानपदाची कुस्ती आपल्याकडे खरी चुरशीची असते. नगरला शहराचे आमदार संग्राम जगताप यजमान, कर्जतला आमदार रोहित पवार. कर्जत-जामखेडची विधानसभा तर 1,243 मतांनी निकाली निघाली होती, आणि तिथे पडलेले राम शिंदे महिनाभरात विधान परिषदेचे सभापती झाले. मातीत हरलेल्याला गादीवर बसवायची ही सोय महाराष्ट्र केसरीतही नाही.

नाही म्हणूनच तर नगरला राडा झाला. गादी विभागाच्या शेवटच्या लढतीत पंचांनी शिवराज राक्षेला चितपट दिलं. राक्षेचं म्हणणं, दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, व्हिडिओ बघा. व्हिडिओचं काही जमेना, तेव्हा पंचांची कॉलर आणि पाठोपाठ लाथ. नंतर केसरीच्या लढतीत महेंद्र गायकवाड निर्णयावर चिडून गादी सोडून चालता झाला. दोघांनाही तीन-तीन वर्षं बंदी. दाजींना त्यातही रास्त भाव दिसला, लाथेला आणि रागाला दर एकच!

सिनेमात असं होत नाही. ‘दंगल’ घ्या नाहीतर ‘सुलतान’, पाठ टेकताना ती तीन बाजूंनी दाखवतात, मातीचा कण न् कण वेगळा दिसतो, वर संगीत. कुणाची हरकत नाही. वाडिया पार्कला मात्र जितके मोबाइल तितके खांदे. माझ्या डाव्या बाजूच्या गृहस्थांच्या फोनमध्ये ते टेकले होते, उजव्या बाजूच्यांच्या फोनमध्ये बोटभर वर होते. दोघेही सबंध बसप्रवासभर आपापला खांदा लोकांना दाखवत होते.

आणि आपला अजिंक्य रहाणे बघा. 15 एप्रिलला आयपीएलमध्ये मुल्लानपूरला कोलकात्याला जिंकायला 112 हव्या होत्या, म्हणजे गल्लीत टेनिस बॉलवर होतील एवढ्या. चहलचा चेंडू पॅडवर लागला, पंचांनी बोट वर केलं, रहाणे निघाला. रिव्ह्यू हातात होता, घेतला नाही. नंतर पडद्यावर दिसलं की चेंडू ऑफ स्टंपच्या बाहेर लागला होता. कोलकाता 95ला खल्लास. राक्षेला रिव्ह्यू पाहिजे होता, मिळाला नाही. रहाणेला मिळालेला होता, त्याने वापरला नाही. संगमनेर तालुक्यातला माणूस! अर्ज करण्यापेक्षा घरी गेलेलं बरं, हे शहाणपण आपल्याकडे तहसीलच्या रांगेतच येतं.

त्याच्या आठवडाभर आधीची मॅच मात्र आम्ही शेवटच्या चेंडूपर्यंत बघितली. बाहेरच्यांना ती कोलकाता विरुद्ध लखनौ वाटली असेल. खरी ती संगमनेर विरुद्ध श्रीरामपूर. तेव्हा कोलकात्याचा कप्तान रहाणे, लखनौचा मार्गदर्शक श्रीरामपूरचा झहीर खान. आता जिल्हा विभाजनाचं घोडं इतकी वर्षं कशावर अडलंय? मुख्यालय संगमनेरला की श्रीरामपूरला, यावरच तर. समित्या आणि निवेदनांपेक्षा ईडन गार्डन बरं, दोन डावांत निकाल. लखनौ 238, कोलकाता 234. रहाणेने 35 चेंडूंत 61 कुटल्या, तरी श्रीरामपूर 4 धावांनी पुढे. दाजींनी लगोलग मुख्यालयाची जागाही ठरवली. मग लक्षात आलं, की शिर्डीवाले हरकत घेणार; त्यांचा कुणीच मैदानात नव्हता. हंगाम संपला तेव्हा लखनौ सातवं, कोलकाता आठवं. श्रीरामपूर पुढेच, पण पुढच्या फेरीत दोघंही नाहीत. विभाजनाची फाइलसुद्धा नेमकी याच नंबरावर असावी.

मधल्या काळात ‘छावा’ येऊन गेला. थिएटरात माणसं हमसून रडत होती, मीही रडलो. तिकडे बुऱ्हाणपूरजवळ असीरगडला लोक सिनेमा बघून रात्री टॉर्च घेऊन मुघलांचं सोनं शोधायला शेतं खणत सुटले. नगरकर या भानगडीत पडला नाही. शहरातले रस्ते बघता आपल्याकडे हे काम आधीच उरकलंय आणि सोनं निघालेलं नाही. बाकी संभाजी महाराजांना कैद करून आणलं तो बहादूरगड आपल्याच श्रीगोंद्यात, पेडगावला, भीमेच्या काठी. सिनेमा सुटल्यावर किती गाड्या तिकडे वळल्या? आमची तर आधी मिसळीकडे वळली.

सिनेमातला कुणी नगरच्या वळणाचा सांगा म्हटलं तर मी सदाशिव अमरापूरकरांचं नाव घेईन. 1983च्या ‘अर्धसत्य’मधला रामा शेट्टी आठवा. आवाज न चढवता, जागचं न हलता समोरच्याला घाम फोडणारा. ‘सडक’मधल्या महाराणीला तर खलनायकाचं पहिलं फिल्मफेअर मिळालं. अंगाला माती न लावता कुस्ती मारायची कशी, हे नगरच्या माणसाने तेव्हाच पडद्यावर दाखवून ठेवलं होतं. व्यासपीठावरच्या मंडळींनी ते मन लावून बघितलेलं दिसतं.

आता नागराज मंजुळे खाशाबा जाधवांवर सिनेमा करतोय. तो नगरच्या न्यू आर्ट्समध्ये शिकलेला, त्यामुळे दाजींचा त्याच्यावर हक्क आहे. खाशाबांना 1952 साली हेलसिंकीला धाडायला त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं, आणि कांस्यपदक घेऊन आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचं मैदान भरवून ते सोडवलं. आज केसरीला थार मिळते. खाशाबा परतले तेव्हा दीडशेवर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती म्हणतात. दाजींना काळजी वेगळीच. सिनेमातली मिरवणूक बघून आपल्याकडेही कुणाला हौस आली आणि बैलगाड्या जुंपल्या, तर पहिल्या गाडीत पैलवानाच्या शेजारी उभं कोण राहणार? संघाचा माणूस, परिषदेचा माणूस, आजी आमदार, माजी आमदार, सभापती. ‘‘एवढे चढले तर पैलवानाला खालीच चालावं लागंल,’’ दाजी म्हणाले, ‘‘आणि बैल पहिल्या चौकातच फतकल मारून बसतील.’’