पश्चात्तापाचे कल्ले

राज्यात कुठल्याही गाजलेल्या खुनाचा निकाल लागला की मिरकरवाडा जेटीवर त्याच दिवशी अपील दाखल होतं. कोर्ट फी नाही, वकील नाही, पुढची तारीख तर नाहीच. ट्रॉलरवरून मासळी उतरत असते, बर्फ फुटत असतो, लिलावाची बोली चढत असते आणि मध्येच एखादा तांडेल मोबाइल पुढे धरून म्हणतो, "बघा, दोषी ठरवला तरी मेल्याच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही!" झालं, खंडपीठ बसलं.

पहिला मुद्दा ठरलेला. रडला का? रडला तर नाटक. नाही रडला तर निगरगट्ट. मान खाली घातली तर कॅमेऱ्यासाठी, वर ठेवली तर मस्ती.

"आणि पाया पडला असता तर?" मी विचारून पाहिलं.

"तर वकिलानं शिकवलंन असणार," टोपलीमागून मावशी म्हणाल्या आणि समोरच्या गिऱ्हाइकाला बांगड्याचे कल्ले उघडून दाखवू लागल्या. लाल कल्ले म्हणजे ताजा माल. पश्चात्तापाचे कल्ले कुठून उघडायचे हे मावशींनाही माहीत नाही, पण त्यावाचून जेटीचा निकाल कधी अडलेला नाही.

खऱ्या कोर्टात पश्चात्तापाला निदान जागा तरी आहे. दोषी ठरवल्यावर शिक्षा सुनावण्याआधी न्यायाधीश आरोपीला विचारतात, शिक्षेबद्दल काही सांगायचंय का? बच्चनसिंग खटल्यात १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, फाशी दुर्मीळातल्या दुर्मीळ प्रकरणातच द्या आणि माणूस सुधारेल का तेही बघा. पुढे १९८३ मध्ये मच्छीसिंग खटल्यात त्याच न्यायालयाने समाजाची सामूहिक सदसद्विवेकबुद्धी मोजमापाला आणली. ती बुद्धी म्हणजे आपणच, असं जेटीला तेव्हापासून वाटतं. नावातच मच्छी असल्यावर मिरकरवाड्याने हक्क का सोडावा?

पण ही बुद्धी चालते कशी, ते दोन जुन्या खटल्यांवरून बघा. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातले कमांडर नानावटी यांनी बायकोच्या प्रियकराला, प्रेम आहुजाला, मुंबईत गोळ्या घातल्या आणि स्वतःच पोलिसांत हजर झाले. कोर्टात आले ते पांढऱ्याशुभ्र गणवेशात, छातीवर पदकं लावून. नऊ ज्युरींपैकी आठांनी त्यांना निर्दोष ठरवलं. बाहेर 'ब्लिट्झ'चा पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांना जात होता आणि फेरीवाले नानावटी छापाचे खेळण्यातले रिव्हॉल्व्हर विकत होते. उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली, सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये ती कायम केली. तरी माणसाला पश्चात्ताप झाला का, हे गर्दीने विचारलं नाही. गणवेश कडक इस्त्रीचा होता, तेवढं पुरलं. १९६४ मध्ये माफी मिळाली.

आता पुणं. जोशी-अभ्यंकर हत्याकांड म्हटलं की अजून त्या पिढीतली माणसं दाराची कडी चाचपतात. १९७६-७७ मध्ये दहा खून. कला महाविद्यालयातली पोरं, जक्कल, सुतार, जगताप आणि मुनव्वर शाह. सप्टेंबर १९७८ मध्ये सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. शाहने तुरुंगात आख्खं पुस्तक लिहिलं, नाव 'येस, आय ॲम गिल्टी'. गुन्हा कबूल, आणि तोही मुखपृष्ठावर! पश्चात्तापाचा याहून मोठा पुरावा जेटीने तरी कुठून आणावा? पण २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात चौघांनाही एकाच दिवशी फाशी झाली. ती का झाली हे त्या दहा जणांच्या घरच्यांना विचारा, मी त्यावर विनोद करणार नाही. विनोद आहे तो आपल्यावर. ज्याने पश्चात्ताप लिहून दिला त्याला आपण "आता सुचलं?" म्हणालो, आणि ज्याच्याकडे तो मागितलाच नाही त्याला टाळ्या दिल्या.

मधला प्रकार म्हणजे कोल्हापूरच्या गावित बहिणी. लहान मुलांचे खून, २००१ मध्ये फाशी, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची मोहोर. मग दयेचा अर्ज टेबलाटेबलांवरून फिरत २०१४ पर्यंत गेला आणि फेटाळला गेला. १८ जानेवारी २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या दिरंगाईवर बोट ठेवून फाशीची जन्मठेप केली. त्या दिवशी सगळे बहिणींच्या नावाने बोटं मोडत होते. फाइलीवर बसलेल्या साहेबांना पश्चात्ताप झाला का, हे विचारायचं राहून गेलं. ते रडलेही नाहीत, त्यांची मानही खाली नव्हती, पण त्यांचे फोटो कुठे असतात व्हायरल व्हायला?

"मग तुमचं म्हणणं काय, सोडून द्यायचे खुनी?" तांडेल माझ्यावरच आला. असं मी कुठे म्हटलं! खुन्याला शिक्षा व्हायलाच हवी, ती कोर्टाने द्यावी, आणि डोळ्यांतलं पाणी मोजायचं काम ज्याचं घर उजाडलं त्याच्याकडे सोपवावं. नानावटींच्या माफीआधी आहुजाच्या बहिणीची लेखी संमती घेतली गेली. तेवढं एक त्या सगळ्या तमाशात शहाणपणाचं झालं.

तेव्हा जेटीवरच्या न्यायमूर्तींना एक विनंती आहे. खून झालेल्या माणसाच्या वारसांना भरपाई मिळण्याची तरतूद कायद्यात आहे आणि त्यासाठी अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावा लागतो. फाशी द्या म्हणून सह्या गोळा करणारे इथे येतात. त्या अर्जासाठी कुणा घराला मदत करतो म्हणणारा अजून माझ्या पाहण्यात नाही.