घरबसल्या स्लाइड्स उतरवा : नवशिक्यांसाठी

आधी जेवणाचं टेबल ताब्यात घ्यावं. घरच्यांना 'दिवाळीपर्यंत आटपतो' एवढंच सांगावं; कोणती दिवाळी, ते सांगू नये.

बडोद्यात हे काम रीतसर झालेलं आहे. ज्योती भट्ट, गुलाममोहम्मद शेख, रतन परिमू आणि के. जी. सुब्रमण्यन या कलावंतांचे संग्रह हाँगकाँगच्या एशिया आर्ट आर्काइव्हने डिजिटल केले. तुमच्या वाट्याला दांडिया बाजारातल्या काकांची स्लाइड्सनी भरलेली पत्र्याची ट्रंक आलीय, आणि संस्था म्हणजे तुम्ही एकटे.

कॅमेरा, मॅक्रो लेन्स, ट्रायपॉड, पांढरा एलईडी पॅनेल, धूळ उडवायचा रबरी ब्लोअर आणि एक छोटा आरसा घ्या. आरसा स्लाइडच्या जागी ठेवून कॅमेऱ्यातून बघायचं; लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध दिसलं की स्लाइड आणि कॅमेरा समांतर. भावजींच्या 'सरळच आहे की' वर विसंबू नये. पॅनेलऐवजी मोबाइलच्या पडद्याचा उजेड वापरा असंही कुणी सुचवेल. वापरलात, तर सुरसागर तलावावर पिक्सेलची जाळी पसरलेली दिसेल.

आयएसओ १००, अॅपर्चर एफ/८, रॉ फाइल, दोन सेकंदांचा टायमर आणि पंखा बंद. बडोद्यात मे महिन्यात पंखा बंद करणाऱ्याच्या डोक्याविषयी घरात चर्चा सुरू होते, म्हणून जानेवारी धरावा. त्यातही पतंगांच्या उत्तरायणाचे दोन दिवस वगळा. गच्चीवरच्या स्पीकरांनी ट्रायपॉडही थरथरतो.

बुरशी दिसली की आत्या ओलं फडकं घेऊन धावतील. त्यांना अडवा. बुरशीनं खाल्लेलं जिलेटीन पाण्यात विरघळतं. फडक्याबरोबर आजोबांचा फेटाही पुसला जाईल. स्लाइडची चकचकीत बाजू कॅमेऱ्याकडे हवी, नाहीतर काका डावखुरे होतात आणि मांडवीतल्या पाट्या उलट्या वाचाव्या लागतात.

इथवर सगळं सोपं. खरी कसोटी फाइलला नाव देताना. कमाटीबागेत म्युझियमसमोर उभी असलेली निळ्या साडीतली बाई कोण, असं चारचौघांत विचारू नये. आत्या एक नाव घेतील, काकू दुसरं, आणि काका चहा टाकायला उठतील. तुम्ही 'कमाटीबाग-निळी-साडी' लिहून पुढची स्लाइड लावावी. मात्र प्रत्येकीला एकटं गाठून विचारा, तारखेसकट टिपून ठेवा.

काम झालं म्हणून ट्रंक भंगारवाल्याला देऊ नका. कोडॅक्रोम फिल्मचं उत्पादन २००९ साली थांबलं, पण अंधारात राहिलेल्या त्या स्लाइड्सचे रंग अजून टिकून आहेत. हार्ड डिस्कची एवढी हमी दुकानदारही देत नाही. फाइलींच्या दोन प्रती काढा, आणि एक बहिणीकडे ठेवा.