ओलाव्याचा तोरा

६५ ते ७० टक्के. आर्द्रता याच्या खाली घसरली की सिगारचं वरचं पान तडकतं, फार वर चढली की बुरशी धरते. स्वतःचा रक्तदाब मी इतक्या निष्ठेने कधी मोजलेला नाही. पेटी आतून स्पॅनिश सीडरची, म्हणजे आपल्या कडुलिंबाच्याच कुळातल्या लाकडाची. हे लाकूड ओल शोषतं आणि हवा कोरडी पडली की परत सोडतं. पेटीला ‘ह्युमिडॉर’ म्हणायचं, असं मी घरात बजावून ठेवलंय. बायको ‘डबा’ म्हणते, तेही पाहुण्यांसमोर.

पुण्याच्या हवेला माझे ६५-७० मान्य नाहीत. एप्रिलच्या दुपारी ती २०-२५ टक्क्यांवर येते, ऑगस्टात ८५ च्या पुढे जाते. त्यात उकाडा. पारा पंचविशीच्या वर राहिला तर तंबाखूत दडलेली किड्यांची अंडी फुटतात आणि किडे सिगारला टाचणीएवढी भोकं पाडत बाहेर पडतात. म्हणून एसी लावावा, तर एसी हवा कोरडी करतो. बंद ठेवावा, तर किड्यांचं बारसं. दुपारभर एसी कोणासाठी चालू असतो, असं सासूबाईंनी एकदाच विचारलं. उत्तर ऐकून त्या पदराने वारा घेऊ लागल्या.

पेटीत ओल राखणाऱ्या स्पंजाला पाणीही डिस्टिल्डच लागतं, कारण नळाच्या पाण्यातले क्षार त्यात साचतात. ते आणायला बॅटरीच्या दुकानात गेलो.

“इन्व्हर्टर कितीचा आहे काका?”

“इन्व्हर्टर नाही, सिगार आहेत. क्यूबन,” मी न विचारता सांगितलं.

“मग गॅरंटी नाही हां,” तो म्हणाला.

पण माझा खरा जीव आहे मिठाच्या चाचणीत. पेटीतला आर्द्रतामापक खरं बोलतोय का, हे मीठ सांगतं. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्यायचं, थेंब थेंब पाणी घालून ते ओल्या वाळूइतपत करायचं. विरघळू मात्र द्यायचं नाही. झाकण आणि मापक हवाबंद पिशवीत रात्रभर शेजारी शेजारी झोपवायचे. सकाळी मापकावर ७५ दिसले तर मापक शहाणा. हवा ७५ च्या वर गेली की मीठ पाणी ओढून घेतं, खाली आली की सोडतं. पिशवीतल्या हवेला दुसरा आकडा मंजूरच नसतो. पुण्यात ७५, पॅरिसमध्ये ७५, हवानातही ७५! पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, त्याचं कारणही हेच. हे मी इतक्या जणांना ऐकवलंय की मी लिफ्टमध्ये शिरलो की सोसायटीतली माणसं जिन्याने जातात. माझी आई पाणी सुटलेल्या बरणीत तांदळाचे चार दाणे टाकायची आणि पुढच्या कामाला लागायची. तिने यावर कधी व्याख्यान दिल्याचं आठवत नाही.

सोलापूरला मामाच्या शेजारी अक्का राहायच्या. त्यांनी जन्मभर विड्या वळल्या. डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी पुण्याला आल्या तेव्हा आमच्याकडे उतरल्या, आणि मी पेटी दाखवायची संधी साधली. अक्कांनी सिगार चिमटीत हलकेच दाबली, कानाशी नेली, परत ठेवली. मग तेंदूच्या पानांचं सांगू लागल्या. पानं भिजवून ओल्या पोत्यात गुंडाळायची, साच्यावर कापायची, मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या. पान सुकलं की वळताना फाटतं. कारखान्याने पानं तोलून दिलेली. कमी पडली तर पदरच्या पैशाने आणायची. मजुरी हजार विड्यांवर.

“आमचं पान सुकलं तर मजुरी जायची. तुझं सुकलं तर काय जातं रे?”

‘ऐट’ हे उत्तर मला येत होतं. दिलं नाही.

विडी आणि सिगार कामगारांसाठी संसदेने १९६६ साली एकच कायदा केला. तिथे दोघांची नावं एका ओळीत बसली, तेवढीच. अक्कांच्या खोलीत पावसाळ्यात भिंतींना ओल यायची, ती मोजायला कोणी मापक लावला नाही. तंबाखूच्या धुळीत बसून जडलेल्या खोकल्याला मापक लागतच नव्हता, तो मामाच्या घरापर्यंत ऐकू यायचा. या देशात तंबाखूच्या पानाला किती टक्के ओलावा हवा, याची चिंता करणारे माझ्यासारखे भरपूर आहेत. पान वळणाऱ्यांच्या छातीत किती तंबाखू गेली, हे विचारायला मात्र आम्हाला सवड नसते.

“दे बघू एक,” अक्का म्हणाल्या. “कशी लागते ते तरी कळू दे.”

माझा हात पेटीच्या झाकणावर गेला आणि तिथेच राहिला. “अजून मुरायच्या आहेत, अक्का.”

“लोणचं आहे होय? मग मीठ कमी पडलं असेल.”

मीठ म्हटल्याबरोबर माझा चेहरा उजळला. “अक्का, मिठाचं काय असतं...” एवढंच मी म्हणालो, तोवर बायकोने अक्कांना हाताला धरून आतल्या खोलीत नेलंसुद्धा.