दुधाच्या पिशवीचा कोपरा

सकाळी साडेसहाला ओट्यावर दुधाच्या दोन पिशव्या येतात. कात्रीने टचकन काप दिला की बोटाच्या पेराएवढा त्रिकोणी तुकडा खाली पडतो. दूध पातेल्यात जातं आणि तुकडा चहाच्या चोथ्यासोबत ओल्या कचऱ्याच्या डब्यात. कित्येक वर्षं मी हे रोज करत होतो.

एका सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या मावशींनी मला खाली थांबवलं. समोरच्या बादलीत मेथीची देठं, कांद्याची सालं, भाताचं खरकटं. त्यात बोटं घालून त्यांनी एकेक करत सहा कोपरे काढले आणि तळहातावर ठेवून मला दाखवले. म्हणाल्या, "काका, पिशवी दिसती, उचलता येती. ह्यो कोपरा दिसत न्हाई. दिसला तरी किती येळ बोटं घालायची?"

त्या दिवसापासून कोपरा तोडणं बंद केलं.

हिशेब सोपा आहे. रोज दोन पिशव्या म्हणजे वर्षाला ७३० कोपरे. शंभर घरांची सोसायटी असेल तर ७३ हजार. "मी एकट्याने करून काय होणार?" असं विचारणाऱ्याने हा आकडा फ्रिजवर चिकटवावा. हे कोपरे एकेकट्याच्याच ओट्यावर पडलेले असतात.

एवढ्याशा तुकड्याने बिघडतं काय? दुधाची पिशवी चांगल्या प्रतीच्या पॉलिथिनची असते. धुतलेली, सुकलेली, अख्खी पिशवी भंगारात विकली जाते, तिचे दाणे होतात आणि त्यातून पुन्हा वस्तू बनतात. कोपरा वेगळा झाला की त्याला कुणी वाली नाही. ओल्या कचऱ्यातून तो खतात जातो, खतातून मातीत. तिथे तो कुजत नाही. उन्हापावसात त्याचे बारीक बारीक तुकडे होत राहतात आणि शेवटी ते डोळ्यांना दिसेनासे होतात, पण असतात तिथेच.

आमच्या आजीच्या घरी हा कोपरा पडतच नसे. ती पिशवीला चीर द्यायची, दूध ओतल्यावर पिशवीत घोटभर पाणी घालून विसळायची आणि ते पाणीही पातेल्यातच ओतायची. मग पिशवी ओट्यामागच्या फरशीवर चिकटवून सुकवायची. महिनाअखेर सुतळीने बांधलेला गठ्ठा रद्दीवाल्याकडे जाई आणि त्याचे चार पैसे येत. तिने 'पर्यावरण' हा शब्द कधी उच्चारला नाही. वापरलेली वस्तू वाया घालवायची नाही, एवढंच तिला ठाऊक होतं, आणि तेवढं पुरेसं होतं.

आपण मात्र उलट्या वाटेने निघालो आहोत. पर्यावरणासाठी काय विकत घेऊ, असं विचारतो. बांबूचा ब्रश घेतो, स्टीलची स्ट्रॉ घेतो, कपाटात बारा कापडी पिशव्या असताना तेरावी घेतो. आणि रोज हातातून जाणारी दुधाची पिशवी खरकट्यात कोंबतो. खरेदीने पृथ्वी वाचत नाही. घरात आलेल्या वस्तूचं शेवटी काय करतो, यावर ते ठरतं.

महाराष्ट्र सरकारनेही या पिशवीचा विचार केला होता. मार्च २०१८च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत दुधाच्या पिशव्यांना सूट मिळाली ती अटींवर. पिशवी ५० मायक्रॉनपेक्षा जाड हवी आणि रिकामी पिशवी परत घेण्याची किंमत, किमान ५० पैसे, तिच्यावर छापलेली हवी. आजवर माझी एकही रिकामी पिशवी कुणी परत घेतलेली नाही. दूध विकणाऱ्यांनी ही व्यवस्था उभी केलीच पाहिजे आणि आपण ती मागत राहिलं पाहिजे. पण ती येईपर्यंत कात्री आपल्याच हातात आहे.

ओलं-सुकं वेगळं करणं हा सवडीचा छंद नव्हे. २०१६च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा ठेवण्याची जबाबदारी घराघरावर टाकली. पुण्याचा मिसळलेला कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या वेशीवर पडला. तिथल्या लोकांनी दुर्गंधी सोसली, खराब झालेलं पाणी सोसलं, शेवटी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. ओला कचरा ढिगाखाली हवेविना कुजला की मिथेन तयार होतो, आणि असे ढीग पेटतात. जानेवारी २०१६मध्ये मुंबईत देवनारला आग लागली तेव्हा धुराने कितीतरी वस्त्या कोंडल्या. त्या ढिगात आपल्यासारख्याच घरांचे डबे रिकामे झाले होते.

आणि या सगळ्यात हात घालतं कोण? पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था आहे, सभासदांत बहुतांश बाया. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, ही साधी मागणी त्यांनी नागरिकांकडे केली. ठिपका दिसला की पुडी उघडावी लागत नाही. दुसऱ्याचं रक्त आपल्या बोटांना लागू नये, यासाठी एखाद्या बाईला विनंती करावी लागते, ही आपल्या शहराला लाज वाटावी अशी गोष्ट आहे. लाल पेनाने एक ठिपका काढायला एक सेकंद लागतो. तो सेकंद आपण द्यायलाच हवा.

म्हणून आज एवढंच मागणं आहे. उद्या सकाळी पिशवीला चीर द्या, कोपरा लटकलेलाच राहू द्या. विसळलेलं पाणी पातेल्यात, पिशवी फरशीवर, सुकली की सुक्या कचऱ्यात. दूध तापायला लागतो त्याहून कमी वेळ लागेल. आणि कचरा न्यायला येणाऱ्या मावशींना एकदा विचारा, "आमच्या डब्यात काय चुकतं?" त्या सांगतील. त्यांच्याइतका आपला डबा कुणीच वाचलेला नाही.