कोयनेच्या जिल्ह्यात दोन सेल

१,९६० मेगावॅटच्या कोयना प्रकल्पाचं धरण सातारा जिल्ह्यात, आणि त्याच जिल्ह्यातला एक्सबॉक्सचा कंट्रोलर दोन पेन्सिल सेलांवाचून गतप्राण! मग भिंतीवरचं घड्याळ उघडलं जातं. काळ थांबला तरी चालेल, मॅच थांबता कामा नये.

सांगलीकर जरा हिशेबी. तो रिचार्जेबल घ्यायला निघतो आणि वेष्टणावर १.२ व्होल्ट वाचून दचकतो: ‘दीडचे नाहीत का?’ अहो, साधा अल्कलाइन दीडवर सुरू होऊन घसरतच जातो. निकेल-मेटल हायड्राइडचा सेल बराच वेळ १.२ च्या आसपास टिकतो. कंट्रोलरला एवढं पुरतं. पण आपल्याला मोठा आकडा हवा, म्हणून ‘९,८०० एमएएच’ छापलेला स्वस्त सेल पिशवीत पडतो. त्या आकाराच्या चांगल्या सेलात दोन ते अडीच हजारच मावतात, बाकीचे छपाईत. सान्योने २००५ साली आणलेल्या एनेलूपसारखे, पडून राहूनही फारसा चार्ज न गमावणारे चार सेल घ्या: दोन खेळात, दोन चार्जरवर. आणि बाद झालेले घंटागाडीत टाकू नका. बॅटरी-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांनुसार त्यांची विल्हेवाट ही उत्पादकाची जबाबदारी आहे.