टेबलाखालच्या काळ्या बुटांस अनावृत पत्र

प्रति,
मा. काळे बूट (जोडी एक),
टेबलाचा सगळ्यात खालचा कप्पा,
नातेपुते, ता. माळशिरस, जि. सोलापूर.

विषय : आपल्या मुख्यालयी वास्तव्याबद्दल अभिनंदन, तसेच किरकोळ गाऱ्हाणे.

महोदय डावे व महोदय उजवे,

कर्मचाऱ्याने मुख्यालयी राहावे म्हणून सरकार परिपत्रके काढून काढून दमले. 2019 मध्ये तर ग्रामीण भागातल्या कर्मचाऱ्यांच्या घरभाड्याला ग्रामसभेच्या ठरावाची अट लावून झाली. तरी आमच्यातले कोणी अकलूजहून येते, कोणी फलटणहून. ऊन असो, पाऊस असो, रात्रंदिवस मुख्यालयी मुक्काम ठोकून असलेले आस्थापनेत तुम्ही दोघेच. घरभाडे मागत नाही, बदलीसाठी कोणाची चिठ्ठी आणत नाही. त्याबद्दल जाहीर अभिनंदन.

एक बोच मात्र आहे. एका दाखल्यासाठी लोक आमच्याकडे जोडे झिजवतात आणि तुम्ही ऐन कचेरीत राहून झिजत नाही. टेबल ते साहेबांची केबिन, केबिन ते चहाची टपरी, यापलीकडे तुम्ही जग पाहिलेले नाही. म्हणून बाहेरची हकीकत कळवतो.

मी वस्तीवरून सायकलने येतो. आधी नीरा उजव्या कालव्याच्या फाट्याकडेची वाट, मग पालखी महामार्ग. मृगाची एक सर पडली की ती काळ्या रानातली वाट चाक धरते. चिखल टायर आणि मडगार्डच्या मध्ये असा गच्च बसतो की सायकल ढकलूनही हलत नाही. उतरायचे, बाभळीची काडी शोधायची, उकरायचे, चार पावले जायचे, पुन्हा उकरायचे. या कामाला पायात रबरी चप्पलच हवी. फाट्याच्या पाण्यात बुचकळली की निघाली स्वच्छ. तुम्हाला तिथे नेले असते तर चामडे भिजून फुगले असते आणि आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबूनही लवकर वाळले नसते. शिवाय तुमचा तळ गुळगुळीत. पायडल मारायचे चवड्याने, तर पाय सटकून टाचेवर येतो आणि गुडघा मग घरी गेल्यावर बोलतो. गळीत हंगामात उसाची ट्रॉली मागून आली की साइडपट्टीवर उतरावे लागते, तिथे सराटे वाट बघत असतात. चप्पल पंक्चर होत नाही, हा तिचा टायरहून मोठा गुण.

असा मी पावणेदहाच्या आत पोचतो. मग आपल्या भेटीचा सोहळा. हा बंद दाराआड व्हावा असा, पण आमच्याकडे दार आहे ते तिजोरीला. एका हाताने कपाट धरायचे, एका पायावर उभे राहायचे, ओला तळवा पँटच्या आतल्या बाजूला पुसायचा, मोजा चढवायचा. तो घोट्यापर्यंत येतो न येतो तोच खिडकीशी कोणीतरी अर्ज धरून उभा असतो. त्यालाही कळते की साहेबाचा अजून एकच पाय हजर झालाय. उजव्या पायाला पँट दुमडून लावलेला कपड्यांचा चिमटा काढायचा राहतो, तो दुपारी कोणीतरी दाखवून देते.

आता 8 डिसेंबर 2020 च्या सरकारी आदेशाबद्दल. कार्यालयात स्लीपर नको, पुरुषांनी बूट किंवा सँडल घालावेत, शुक्रवारी खादी वापरावी, असे त्यात होते. मला ते मान्य आहे. कचेरीला कळा हवीच. पण कर्मचारी कार्यालयात उगवतो की कुठून तरी येतो, हे लिहिणाऱ्याने विचारात घेतलेले दिसत नाही. सँडलची वाट उन्हाळ्यापुरती बरी. पावसाळ्यात त्या पट्ट्यांतला चिखल निघता निघत नाही. एका सहकाऱ्याने खादीच्या दिवशी कोल्हापुरी सुचवली. तिला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात कोल्हापूरबरोबर आपला सोलापूर जिल्हाही आहे, हे त्याने अभिमानाने सांगितले. तो मोटारसायकलवर येतो. कोल्हापुरी पायडलवर टिकत नाही आणि पाण्यात तर मुळीच नाही, हे मी त्याला नम्रपणे सांगितले.

खरे गाऱ्हाणे पुढे आहे. 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आला, त्याचा लाभ तुम्हीही घेता. शुक्रवारी सव्वासहाला कुलूप लागले की तुम्ही थेट सोमवारी दिसता. लग्ने नेमकी शनिवार-रविवारी. सगळ्या पाहुण्यांत मी नवा सफारी आणि खाली रबरी चप्पल असा उभा राहतो, आणि मेहुणे विचारतात, "दाजी, बूट चोरीला गेले का?" माळशिरसला थेट घरून बैठकीला जायचे असले तरी तीच गत. बूट नातेपुत्यात, पाय तालुक्याला.

वर्षातून एकदाच या कटकटीतून सुटका होते. आषाढीच्या वारीत माउलींची पालखी इथे मुक्कामाला येते. सायकल गर्दीतून हातात धरूनच आणावी लागते. एकदा एक आजी कचेरीच्या ओट्यावर टेकल्या होत्या. चपलेचा अंगठा तुटलेला, तिथे गोणपाटाची सुतळी, वर पिशवीचे प्लास्टिक. आळंदीपासून तेवढ्यावर आल्या होत्या. त्या दिवशी कोणी कोणाच्या पायाकडे बघत नाही. साहेबही चपलेत असतात.

तरी विनंती की, बाहेर एक बाकडे, भिंतीला एक फळी आणि नळाला पाणी, एवढे मंजूर व्हावे. चारचाकींना पत्र्याची शेड झाली आहे, माझी सायकल अजून लिंबाखाली आहे, तिचे काही म्हणणे नाही. हा अर्ज आपल्या शिफारशीसह साहेबांच्या बुटांकडे सादर करावा. केबिनच्या पायपुसण्यावर तुमची रोज गाठ पडतेच.

येत्या शनिवारी पुन्हा लग्न आहे. शुक्रवारी संध्याकाळी तुम्हाला पिशवीत घालून कॅरिअरला बांधणार आहे. मुख्यालय सोडण्याची परवानगी आपली आपण घ्यावी.

आपला,
टेबलाच्या वरच्या बाजूचा

प्रत माहितीस्तव : रबरी चप्पल, जुन्या दप्तरांच्या गठ्ठ्यामागे. साहेब फिरतीवर निघेपर्यंत बाहेर येऊ नये.