साडेतीन राज्यांचे धनी

दिल्लीतल्या प्रत्येक मराठी वस्तीत एक सीमोल्लंघनकर असतो. कागदोपत्री आडनाव जोशी असेल, कांबळे असेल, पवार असेल. पण आपण इतर माणसं दसऱ्याला चार आपट्याची पानं खिशात घालून गल्लीच्या टोकापर्यंत जातो आणि सीमोल्लंघन झालं म्हणतो, तर हा गृहस्थ ते दर रविवारी करतो. गाडीने, सहकुटुंब आणि वहीत नोंद करून.

आमच्या मयूर विहारमधला नमुना केंद्र सरकारच्या हिशेबखात्यात आहे, तेव्हा वही आलीच. तारीख, निघाल्याची वेळ, किलोमीटर, पेट्रोल आणि शेवटचा, लाल शाईने आखलेला रकाना ‘सीमा’. काय पाहिलं यासाठी मात्र रकाना नाही.

हे दुखणं मूळचं नव्हे. ते मेहुण्याकडे आइंडहोव्हनला गेले होते, तिथून घेऊन आले. मेहुण्याने एका शनिवारी सगळ्यांना गाडीत घातलं आणि रात्रीच्या जेवणाच्या आत पाच देश दाखवून परत आणलं. आधी वाल्सची टेकडी. नेदरलँड्स, बेल्जियम आणि जर्मनी जिथे एकमेकांना भिडतात तिथे एक खांब आहे. सीमोल्लंघनकरांनी उजवा पाय जर्मनीत, डावा बेल्जियममध्ये ठेवला आणि उरलेला देह हॉलंडच्या हवाली करून फोटो काढून घेतला. मग लीजचं वॉफल गाडीतच, लक्झेंबर्गमध्ये स्वस्त पेट्रोल, आणि शेवटी मोझेल नदीकाठचं शेंगेन नावाचं खेडं. १९८५ साली तिथे नदीतल्या बोटीवर सीमा उघडण्याचा करार झाला. पूल ओलांडला की जर्मनी, काठाकाठाने थोडं पुढे गेलं की फ्रान्स.

‘‘कुणी विचारलं नाही हो! बँकेच्या उताऱ्यांपासून विम्यापर्यंत गठ्ठाभर कागद देऊन व्हिसा काढला, आणि तिथे एक कुत्रं भुंकलं नाही,’’ हे ते अजून सांगतात. आवाजात कौतुक कमी, तक्रार जास्त. सीमा आली हे फक्त मोबाइलला कळायचं. टिंग, बेल्जियममध्ये स्वागत. टिंग, लक्झेंबर्गमध्ये स्वागत. त्या टिंगची चटक लागली ती लागलीच.

दिल्लीला परतल्यावर त्यांना शोध लागला की आपलं राष्ट्रीय राजधानी क्षेत्र, म्हणजे एनसीआर, ज्या कायद्याने जन्माला आलं तोही १९८५चाच. ‘‘बघा, योगायोग नाही हा!’’ (योगायोगच आहे.) दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेश, राजस्थान, २०१३मध्ये भरतपूरसुद्धा आत घेतलं. चार राज्यं एका दिवसात! मी चुकून म्हणालो, दिल्ली पूर्ण राज्य नाही, पोलीस आणि जमीन केंद्राकडे. ते रात्रभर अस्वस्थ होते म्हणे. सकाळी जिन्यात गाठून म्हणाले, ‘‘साडेतीन धरू. मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, शहाणे साडेतीन. आपल्याला अर्ध्याचं वावडं नाही.’’

त्या साडेतीन राज्यांच्या मोहिमेवर साक्षीदार म्हणून मला नेलं. पहाटे पाचला गाडी निघाली. पुढे ते आणि मी, मधे वहिनी आणि सांगलीहून आलेल्या त्यांच्या आई, मागच्या सीटवर दोन मुलं, दशम्यांचा डबा आणि शेंगदाण्याची चटणी.

बदरपूर ओलांडलं. हरियाणा. टिंग नाही. फरीदाबाद, गुडगाव, नोएडा, गाझियाबाद ही सगळी मोबाइलच्या हिशेबात दिल्लीच. त्यामुळे सीमा ओळखायला त्यांनी देशी उपाय काढले आहेत. पहिला उपाय दारूचं दुकान. राज्य बदललं की भाव बदलतो, म्हणून हद्दीला चिकटून ‘ठेका’ असतोच. यांना थेंब चालत नाही, पण ठेक्याची पाटी दिसली की चेहरा असा उजळतो की परक्या माणसाचा गैरसमज व्हावा. दुसरा उपाय पेट्रोलपंप. राजस्थानात पेट्रोल महाग, त्यामुळे हद्दीच्या अलीकडच्या पंपावर रांग आणि पलीकडच्या पंपावर माश्या. ‘‘हेच आपलं लक्झेंबर्ग,’’ कोसीला टाकी भरताना ते म्हणाले.

त्याआधी होडलला चहा झाला. हरियाणा पर्यटनाने आपल्या विश्रामगृहांना पक्ष्यांची नावं दिली आहेत. फरीदाबादला मॅगपाय, होडलला डॅबचिक. धाकट्याने विचारलं, ‘‘बाबा, डॅबचिक म्हणजे?’’ ‘‘टिबुकली. पाण्यातला पक्षी. पुढे भरतपूरला दिसेल.’’ हे वचन ध्यानात ठेवा.

आई एवढ्या लांबच्या प्रवासाला तयार झाल्या त्या गोवर्धनासाठी. गिरिराजाची परिक्रमा एकवीस किलोमीटरची. तेवढी आपल्याच्याने होणार नाही हे त्यांना ठाऊक होतं; चार पावलं अनवाणी चालायचं, हात जोडायचे. चिरंजीवांनी ती चार पावलं कुठली हे आधीच नकाशावर ठरवलं होतं. परिक्रमेचा बहुतेक रस्ता उत्तर प्रदेशात आहे, पण पूंछरीपाशी तो थोडा वेळ राजस्थानात शिरून परत येतो. म्हणजे देवाने आणि सर्वेक्षण खात्याने मिळून केलेली सोय. आईंना बरोब्बर तिथे उतरवलं.

आणि तिथे सीमोल्लंघनकरांना एक माणूस भेटला. भेटला म्हणजे जमिनीवर आडवा दिसला. दंडवती परिक्रमा चालली होती: लोटांगण घालायचं, हात पोचेल तिथे खूण करायची, उठून त्या खुणेवर उभं राहायचं, पुन्हा लोटांगण. आम्ही पाहिलं तेव्हा, सीमोल्लंघनकरांच्या नकाशावर विश्वास ठेवायचा तर, त्याचं डोकं राजस्थानात आणि पाय उत्तर प्रदेशात होते. कसला खांब नाही, कसला फोटो नाही. मी माणसाच्या डोळ्यांत इतकी निखळ असूया क्वचितच पाहिली आहे.

‘‘आई, आपण आत्ता राजस्थानात आलो बरं का.’’

‘‘असं होय?’’ आई म्हणाल्या आणि खाली वाकून धूळ कपाळाला लावली. राजस्थानची की गोवर्धनची, हे त्यांनी सांगितलं नाही.

डीगला जलमहाल गाडीतून. भरतपूरला मात्र उतरलो, कारण इथे इतिहासाचं देणं होतं. पानिपतानंतर पळत आलेल्या आपल्या माणसांना सूरजमल जाटाने आसरा दिला, पुढे यशवंतराव होळकरही इथेच आले, हे सांगताना त्यांचा आवाज खरोखर दाटला. त्यांच्याकडे माहिती उदंड आहे. ती सांगून होईपर्यंत इंजिन चालू असतं इतकंच. ‘‘या लोहगडावर १८०५मध्ये जनरल लेकने चार हल्ले केले. चारही फसले!’’ लेकला जो काही महिने झुंजून घेता आला नाही, तो किल्ला सीमोल्लंघनकरांनी साडेचार मिनिटांत ‘केला’.

केवलादेवच्या पक्षी अभयारण्याच्या फाटकाशी पाटीसकट कुटुंबाचा फोटो निघाला. जागतिक वारशाच्या यादीत प्रवेश, पुन्हा १९८५! आत जायला सायकल किंवा सायकलरिक्षा घ्यायची, म्हणजे किमान दोन तास, आणि दोन तासांत तिथे एकही सीमा लागत नाही. ‘‘टिबुकली?’’ धाकटा म्हणाला. ‘‘होडलला पाहिली ना!’’ वडील म्हणाले. मुलाला विश्रामगृहाची पाटी आठवली. तो गप्प बसला, पण मला वाटतं त्याचीही कुठेतरी वही असणार.

पुढे फत्तेपूर सिक्री आली आणि तिच्याबरोबर उत्तर प्रदेश परत. सीमा क्रमांक चार. आग्र्यात वहिनींनी पहिल्यांदा तोंड उघडलं. ‘‘ताज नको, निदान पेठा तरी?’’

‘‘ताज कुठे पळून जातोय?’’

महाराजांना १६६६मध्ये आग्र्याहून सुटायला पेटारे लागले; आम्हाला रिंग रोड पुरला. मग यमुना एक्सप्रेसवेचे एकशे पासष्ट किलोमीटर. मुलं झोपली, आई जपमाळ ओढत होत्या आणि फास्टॅगच्या प्रत्येक टिंगसरशी सीमोल्लंघनकर किंचित ताठ होत होते.

रात्री साडेदहाला नोएडा संपता संपता, चिल्ला सीमेवर, गाडी थांबली. पुढे दिव्यांचा लाल समुद्र. दहा मिनिटं, वीस मिनिटं. आमचं घर तिथून चालत जाण्याइतकं जवळ. अचानक त्यांनी काच खाली केली, डोकं बाहेर काढून आधी पुढे, मग मागे पाहिलं, आणि माझ्या मांडीवर थाप मारली.

‘‘दिसतंय का? बॉनेट दिल्लीत आहे आणि डिकी उत्तर प्रदेशात! गाडी एक, राज्यं दोन! वाल्सला पाय तेवढे ठेवले होते, इथे अख्खं कुटुंब!’’

फोटो काढायला ते उतरणार, तोच मधल्या सीटवरून वहिनींचा आवाज आला. ‘‘अहो, तुम्ही दिल्लीत काय हवं ते करा. पण आम्हाला उत्तर प्रदेशात झोपू द्या.’’